नाळेवरचा तळहात

आश्विन उजाडला की आडवेळच्या किनाऱ्यावर ऊन स्वस्थ बसत नाही. ते लाटेवर चढतं, लाटेबरोबर फुटतं, फेसातून उठून माडांच्या झावळ्यांना लोंबकळतं, तिथून निसटून वाळूत पडतं आणि खेकड्यांच्या पाठीवर बसून तिरकं तिरकं धावत सुटतं. सोन्याला पाय फुटावेत तसं ते ऊन. रुप्याला पंख फुटावेत तसं ते पाणी. आणि दोहोंच्या मधे, धड भूमीचा नाही, धड सागराचा नाही, असा ओल्या वाळूचा अर्धचंद्र. पुसला जाणारा, उमटणारा, पुन्हा पुसला जाणारा.

त्या दिवशी पौर्णिमा होती. चंद्र दिवसा कुठे दडून बसतो ते माणसांना ठाऊक नसतं, समुद्राला असतं. म्हणून पौर्णिमेच्या माध्यान्ही आडवेळला उधाण येतं. नीलवर्ण, फेनमुकुट, अधीर उधाण. किनाऱ्याच्या उंबरठ्याशी येऊन ते घटकाभर थबकतं, डोकावतं, कुणी हाक मारील का ते बघतं. हाक आली नाही की पाठ फिरवतं. मग त्याची मनधरणी करायला अमावास्येपर्यंत थांबावं लागतं.

त्या दिवशी त्याला हाक मारायला एक होडी उभी होती.

होडी कसली! सागाची कांती, ऐनाच्या फासळ्या, निळाईनं रेखलेले काठ, आणि फणसाच्या पिवळ्या गाभ्यातून कोरून काढलेली नाळ. नाळ म्हणजे होडीचं पुढचं, उंचावलेलं नाक; त्यानं ती लाटेचा वास घेते. नवरीच्या अंगाला ओल्या हळदीचा गंध असावा तसा तिच्या अंगाला राळेचा आणि खोबरेलाचा गंध. तिची कूस अशी वळलेली, की वारा तिथवर यायचा, बोटं फिरवायचा, आणि आपल्याला पुढे कुठे जायचं होतं ते विसरून जायचा. ती बांधली जात असताना एक समुद्रपक्षी रोज येऊन तिच्याकडे टक लावून बसे, आणि अखेर त्यानं लाजून स्वतःचं घरटं मोडलं, असं आडवेळचे लोक सांगतात. आडवेळचे लोक खोटं बोलत नाहीत. फार तर खऱ्याला थोडं वल्हवून पुढे नेतात.

होडी होती आंबू तांडेलणीची. नवऱ्यामागे जाळी सांभाळणारी, खलाशांना दटावणारी, हाक मारली तर वारा शिडातून मान वळवून बघेल अशी खणखणीत बाई. आणि होडी बांधली होती लवू मेस्त्रीनं. लवूची ही पहिलीच होडी. पहिलीच, म्हणून सगळा गाव दोरांना लागला होता. होडीखालचे ओंडके तेलानं माखले होते. नारळ फुटला होता. समुद्र आपली शुभ्र बोटं वाळूत रोवून पुढे पुढे सरकत होता.

"हैय्या हो!"

"हैश्शा!"

दोर ताणले. दंड फुगले. टाचा वाळूत रुतल्या. माडांनीही, म्हणे, माना वाकवून जोर लावला. होडी हलली नाही. तसूभर नाही, केसभर नाही.

"मेल्यांनू!" आंबू गरजली. "धन्य म्हणूच्या आधी दोराक हात लावलास?"

सगळ्यांनी जिभा चावल्या.

धन्य. इवलासा शब्द. इतर गावांत तो झिजून गुळगुळीत झालेला. कुणी तो सभेत हारासारखा घालतो, कुणी सुनेच्या करपलेल्या भाकरीवर टोमण्यासारखा फेकतो. आडवेळात तसं नाही. आडवेळात तो दुसऱ्याच्या सुखावर ठेवायचं तुळशीपत्र आहे. कुणाकडे पाळणा हलला, कुणाच्या विहिरीला गोडं पाणी लागलं, कुणाच्या माडाला पहिली पोय फुटली, की धन्य म्हणायला माणूस बोलवायचं. आणि वाटेल ते माणूस नव्हे. त्या सुखानं ज्याचं काळीज सर्वांत अधिक जळत असेल, ते. त्यानं यायचं, त्या सुखावर उजवा तळहात टेकायचा, आणि तो एक शब्द म्हणायचा. बाकीच्यांचं धन्य म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्यानं केलेली पुरणपोळीची स्तुती. उपाशी माणसानं केली तर ती खरी.

हा तळहात टेकल्याविना सुख अधांतरी राहतं, अशी इथली समजूत. मागे एकदा एका तांडेलानं घाईघाईत, कुणाला न बोलावता, होडी लोटली. तर ती होडी उलटी चालू लागली, नाकाकडून शेपटाकडे. आणि जाळ्यातले बांगडे तिच्या फजितीला हसत हसत समुद्रात परत उड्या मारून गेले. एका घरी अशीच गुपचूप नवी सून आणली. तिच्या बांगड्या वाजेचनात. काच होती, मनगट होतं, नाद नव्हता. अखेर शेजारीण आली, जिच्या लेकीचं लग्न मोडलं होतं ती. मनगटावर तळहात ठेवून, डोळे पुसत म्हणाली, धन्य. त्यासरशी सगळ्या बांगड्या अशा किणकिणल्या, की गोठ्यातली वासरं दावी तोडून अंगणात नाचली.

म्हणून आडवेळात जळण्याची लाज नाही. तिथे कार्य निघालं की पहिली चौकशी तीच. कोणाचा जळता? आणि पहिली अक्षत त्याच्याच दारी.

या खेपेला उत्तर सोपं वाटत होतं. आंबूचा चुलतदीर भिवा. होडी त्यालाही हवी होती, आणि हे त्यानं गावापासून कधी लपवलं नव्हतं. तो धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून, या मानासाठी तयारच होऊन आला होता.

"माझाच जळता," भिवा छाती काढून म्हणाला. "आणि बरा जळता. रातभर झोप नाय माका."

त्यानं नाळेवर तळहात टेकला. "धन्य गे वैनी, धन्य!"

दोर ताणले. हैश्शा! होडी होती तिथे. जणू मुळं फुटलेली. जणू ती अजून झाडच आहे आणि तिला कुणी सांगितलंच नाही.

आंबूनं भिवाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुका होडी नको रे भिवा. तुका होडयेतले बांगडे होये. जा, मागे हो."

हशा पिकला, पण त्या हशालाही उसंत नव्हती. पाणी पहिल्या ओंडक्याला शिवलं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. सगळ्या गावाची काळजं, माशांच्या टोपल्या उलट्या कराव्यात तशी, वाळूवर उलटी झाली.

"रुक्मीणकाकी, तुमचा जळता?"

"माझा कशाक जळात? माका पाण्याची भीती."

"शाबल्या, तुझा?"

"जळता. पण होडयेवर नाय, आंबूच्या नव्या लुगड्यावर. माझ्या बायलेन जीव खाल्लो माझो."

"मगे तुझ्या बायलेक घेवन ये, आणि लुगड्यावर हात ठेव म्हणा!"

एकामागून एक तळहात नाळेवर आले. जाड, बारीक, खवल्यांचे, मेंदीचे. एकामागून एक धन्य. गोड, लांबट, घाईचे, गाण्यातले. आणि एकामागून एक हैश्शा हवेत विरून गेले. आता पाणी मधल्या ओंडक्यांपर्यंत आलं होतं. फेसाची झालर होडीच्या पोटाखाली शिरून परतत होती, शिरून परतत होती. समुद्र पायांच्या बोटांवर उभा होता. वारा माडांत येरझारा घालत होता. किनाऱ्यावरचे पक्षी बसत होते, उठत होते. बसण्याला अर्थ नव्हता, उठण्याला दिशा नव्हती.

लवू नाळेपाशी उभा होता. रापलेला, तिशी ओलांडलेला, मितभाषी माणूस. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग ओहोटीला लागला होता. कारण पहिल्या उधाणाला जी होडी पाठ दाखवते, तिच्यात आडवेळचा खलाशी पाय ठेवत नाही. आणि जिच्यात पाय ठेवत नाहीत, तिच्या कारागिराला पुन्हा कुणी लाकूड देत नाही. पहिली होडी हीच अखेरची होडी. लवू नुसता नाळेला धरून होता. बुडणारा माणूस काठाला धरतो तसा, पण हा काठावरच बुडत होता.

सगळ्यांना विचारून झालं होतं. एकाला सोडून. त्याला विचारायचं कुणाला सुचलंच नाही, कारण तो लवूचा गुरू. गुरूचं कधी जळतं का? शिष्य फळला की गुरू फांदीसारखा वाकून हसतो, असं सगळ्या जगाला वाटतं. पण आडवेळलाही तसंच वाटावं? ज्या गावात जळण्याचं शास्त्र बाळगुटीबरोबर पाजतात, त्या गावाला?

तो बसला होता दूर, सुरूच्या विरळ सावलीत. तातू मेस्त्री. शुभ्रकेश, वज्रबाहू, वाळलेल्या नारळासारखा टणक म्हातारा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांतली कुठलीही विचारा, ती त्याचीच लेक. मांडीवर वाकस घेऊन तो त्याला दगडावर धार लावत होता. तासायचं काही नव्हतं. तरी धार लावत होता. खर्र. खर्र. खर्र.

चैत्रात आंबू आधी त्याच्याच दारी आली होती. विड्याचं पान पुढे करून म्हणाली होती, "मेस्त्रीनू, होडी बांधूची आसा."

तातूनं मान हलवली. हसला. "गेले गो डोळे माझे आता. लवूक सांग."

मानी माणूस नको म्हणतो तेव्हा दार लोटून घेतो. कडी लावत नाही. त्याला वाटलं, आंबू दार ढकलील. म्हणेल, तुमचे मिटलेले डोळे त्याच्या उघड्या डोळ्यांहून बरे. म्हणेल, तुमच्याविना होडी कसली. पण आंबू पडली सरळ बाई.

"बरा," ती म्हणाली, आणि पान उचलून लवूकडे गेली.

तो 'बरा' त्याच्या छातीत काट्यासारखा राहिला. चैत्र गेला, वैशाख गेला, आभाळ काळवंडून कोसळू लागलं. आणि पाऊसभर, पलीकडच्या मांडवातून, जलधारांच्या कोलाहलातून लवूच्या वाकसाचा आवाज येत राहिला. तातू अंथरुणात पडून ऐके. त्याला कळे, हा ऐन, हा साग. ही नस उजवीकडे वळली, आता हात सैल सोडायला हवा. आणि हात सैल सुटे. आता थांबायला हवं. आणि आवाज थांबे. तो चुकीची वाट बघत होता. इतका कान देऊन, इतका प्राण कानांत आणून, कुणी प्रियेच्या पावलांचीही वाट पाहिली नसेल. चूक आली नाही. पाऊस संपला, चूक आली नाही.

खर्र. खर्र.

"धार कोणाच्या मानेक लावतास?"

त्याची बायको, सतूबाय, कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. ठेंगणी, करडी, डोळ्यांत दोन चिमण्या सतत टिवटिवणारी म्हातारी.

"भरती आता कलतली," ती म्हणाली. "उठा."

"माका कशाक सांगतंस? शिष्य तो माझो. माका आनंद आसा."

"आनंद झालेलो माणूस पाऊसभर उशीत दात रुतवन झोपणा नाय."

दगडावरचा वाकस थांबला. सुरूच्या सुया वाऱ्यात सुस्कारल्या. ओल्या लाकडातून धूर निघावा तसा त्याचा आवाज निघाला.

"जळता गो सतू. अजून जळता. अशान तो शब्द तोंडातसून काढलंय तर खोटो होतलो."

"जळता म्हणानच तुमी म्हणूचो," सतूबाय म्हणाली. "विझलेल्या चुलीर कोण भात रांधता? ह्या गावात ही होडी दिसली ती फकत तुमका. बाकीच्यांका नुसता लाकूड दिसला."

आणि ती वळून, उत्तराची वाट न पाहता, किनाऱ्याकडे चालू लागली. तो उठला.

गर्दी दुभंगली. "मेस्त्री आशीर्वाद देऊक इले!" कुणी तरी म्हणालं. आंबूनं बोलणाऱ्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला दोर सैल पडला. "गप रे," ती पुटपुटली. "गप रव्हा सगळे."

तातू नाळेकडे गेला नाही. तो गेला मागच्या टोकाला. तिथे त्यानं आपला उजवा तळहात होडीच्या अंगावर टेकला, आणि तो तसाच टेकलेला ठेवून चालू लागला. संथ. फळीवरून फळीवर. सांध्यावरून सांध्यावर. गावाला वाटलं, म्हातारा माया करतोय. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

एकट्या लवूला ठाऊक होतं, ही माया नव्हे. ही परीक्षा. असाच तो तळहात त्याच्या प्रत्येक कामावरून फिरे. असाच निःशब्द, असाच निर्दय. जिथे चूक असेल तिथे थांबे, आणि तातू नखानं एकदा टिचकी मारी. ठक्. शिव्या नाहीत, शब्द नाही. ठक्. लवूचं सारं तारुण्य त्या एका टिचकीच्या भयात गेलं होतं. आता त्यानं श्वास धरला. आणि पाठीमागे, कुणाच्या ध्यानात न येता, फेसाची झालर मधल्या ओंडक्यावरून खाली उतरली होती.

तळहात चालला. चिरांचा, घट्ट्यांचा, किती अरण्यं वाचून मोकळा झालेला तळहात. तो शोधत होता एक कुसळ, एक फट, एक खोटा टोला. एकच मिळू दे, एवढीशी, नखाएवढी. मिळाली असती तर तो म्हातारा सुखानं झोपला असता. तळहात चालला. राळेखाली सांधे झोपलेल्या पोरांच्या पापण्यांसारखे मिटलेले. तळहात चालला. ऊन त्याच्या खांद्यावरून उतरून बोटांपुढे धावत होतं, जणू त्यालाही घाई, जणू त्यालाही भीती.

आणि नाळेपाशी, जिथे फळी एकदम वर वळते, तिथे तळहात थांबला.

इथे. त्याच्या प्रत्येक होडीत इथे एक फट राहत आलेली. लाकूड इतकं वाकत नाही. वाकवलं तर रुसतं, केसभर मागे सरतं. आयुष्यभर त्यानं ती फट राळेनं बुजवली, रंगानं झाकली. गावाला कधी कळलं नाही. समुद्रानंही चहाडी केली नाही. पण रोज पहाटे जाग येताच तातू मेस्त्रीला पहिली आठवे ती फट.

त्यानं नख लावलं. नख शिरलं नाही. पुन्हा लावलं. फळी फळीला अशी भेटली होती, जशी क्षितिजाला पाणी भेटतं. भेटल्याची रेघ दिसते, मधे काही नसतं.

म्हाताऱ्याच्या आत वणवा होता, अजून होता, शेंड्यापर्यंत पोचलेला वणवा. आणि त्या वणव्याच्या उजेडात त्याला ती होडी दिसत होती. सगळी. एकट्यालाच.

"धन्य," तो म्हणाला.

आवाज फुटका होता. कुणी म्हणतात तो शब्द नव्हताच, हुंदकाच होता. मग त्यानं डोळे उचलून लवूकडे पाहिलं. "धन्य रे!"

दोर अजून वाळूत पडलेले. कुणी हैय्या म्हटलं नाही, कुणी हैश्शा म्हटलं नाही. तळहाताखालून होडी सरकली. पाळण्यातलं मूल झोपेत कूस बदलतं तशी, आधी थोडीशी. मग ओंडके गडगडले, वाळू सुस्कारली, आणि ती गेली. निळ्याकडे निळी गेली. शहाणे सांगतात, उधाणाची मागे रेंगाळलेली एक थोरली लाट नेमकी तेव्हा आली. आली असेल. पण इतका वेळ ती कुणासाठी रेंगाळली होती, ते शहाण्यांनी सांगावं.

गाव ओरडत पाण्यात धावला. आंबू लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात शिरली. भिवा, सदरा भिजवून, सर्वांत पुढे. किनाऱ्यावर उरले ते गुरू-शिष्य, आणि त्यांच्यामधे होडीच्या कण्यानं वाळूत ओढलेली लांबच लांब पन्हळ, तिच्यात तुटकं तुटकं आभाळ.

तातूनं तळहात नाकाशी नेला. राळ. खोबरेल.

"निळो जरा भडक झालो हा," तो म्हणाला.

"होय, मेस्त्रीनू."

"रंगाचा इचारूचा होतास माका."

"पुढल्या खेपेक इचारतंय."

पुन्हा वारा. पुन्हा पक्षी. म्हातारा एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. समुद्राकडे पाहिलं, सुरूकडे पाहिलं, आपल्या नखाकडे पाहिलं. मग, ज्या तोंडानं कुणाला कधी काही विचारलं नव्हतं, त्या तोंडानं, हळूच, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं:

"नाळेकडचा ता वळण... ता कसा केलंस रे?"

लवू गुडघ्यांवर बसला. ओल्या वाळूत त्यानं बोटानं एक रेघ ओढली; फळीची, वर उचलत जाणारी. लाट आली आणि रेघ पुसून गेली. त्यानं पुन्हा ओढली. तातूही गुडघे टेकून बसला, शुभ्र मस्तक काळ्या मस्तकाशी लावून. लाट आली. रेघ पुसली गेली. "पुन्हा काढ," म्हातारा म्हणाला. त्यानं पुन्हा काढली.

उन्हं कलली. पाणी कललं. दूर, आता एका बोटाएवढी झालेली होडी लाटेचा वास घेत होती. आणखी एक लाट आली. फेनभार वाहत, धापा टाकत आली, रेघेपासून वीतभर अलीकडे थबकली आणि परतली. रेघ राहिली. सोनेरी, ओली, वळलेली. आणि तिच्यावर, ती खरी आहे का ते बघत, म्हाताऱ्याचा तळहात.